स्कूटरची पहिली तपासणी पंधराव्या वर्षीच का?

जुळे_सोलापूरकर:
आमच्या २०१० सालच्या स्कूटरचे री-पासिंग, म्हणजे पंधरा वर्षांनंतर तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण, नुकतेच झाले. १ एप्रिल २०२२ पासून हे शुल्क ३०० वरून १,००० रुपये झाले आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. खटकले ते इतकेच, की पंधरा वर्षांत त्या गाडीचे ब्रेक सरकारी नियमाने प्रथमच कोणी तरी पाहिले. पीयूसी आपण नेमाने काढतो, परंतु त्यात केवळ धूर मोजला जातो. ब्रिटनमध्ये दुचाकीची पहिली तपासणी तिसऱ्या वर्षी आणि त्यानंतर दरवर्षी होते. आपल्याकडे निदान सातव्या वर्षी एक तपासणी असावी, असे माझे मत आहे.

अशोकचौकवाला:
पूर्ण असहमत. गाडी वयाने नव्हे, वापराने झिजते. चादरींचे गठ्ठे लादून दिवसभर एमआयडीसीच्या फेऱ्या मारणारी तीन वर्षांची स्कूटर आणि माझ्या निवृत्त वडिलांची, सोमवारी सिद्धेश्वराच्या दर्शनापुरती निघणारी अकरा वर्षांची स्कूटर यांत धोकादायक कोणती, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. जपानसारख्या शिस्तप्रिय देशातही २५० सीसीपर्यंतच्या दुचाकींना अशी सक्तीची तपासणी नाही. यंत्रमागावरच्या कामगाराची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून आपण नेमके काय साधणार?

गॅरेज_विजापूररोड:
दोघांचेही अर्धे बरोबर आहे. पहिल्या चार-पाच वर्षांत जे दोष दिसतात ते वापराचे असतात: गुळगुळीत झालेला मागचा टायर, संपलेले ब्रेक लायनर, उडालेला बल्ब, लिव्हर दाबूनही ब्रेकलाइट न लावणारा स्विच. हे सारे तासाभरात दुरुस्त होते. त्यानंतर मात्र वयाचे दोष सुरू होतात आणि त्यांना किलोमीटरशी फारसे देणेघेणे नसते. फोर्कचे, म्हणजे पुढच्या शॉकअपचे, ऑइल सील गळू लागतात, ब्रेकची केबल आतून गंजून जड होते, कोनसेटमध्ये, म्हणजे हँडल ज्यावर फिरते त्या बेअरिंगमध्ये, खाचा पडून हँडल मध्यभागी अडकल्यासारखे लागते, आणि सायलेन्सर खालून कुजतो. सर्वांत फसवा दोष टायरचा. नियमानुसार दुचाकीच्या टायरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर खोल असावी लागते. उभ्या राहणाऱ्या गाडीची नक्षी तर नव्यासारखी असते, पण सोलापूरच्या उन्हात रबर कडक होऊन बाजूला बारीक भेगा पडलेल्या असतात. टायरच्या कडेवर चार अंकांचा शिक्का असतो. १८१७ असेल तर तो २०१७ च्या अठराव्या आठवड्यातला. वडिलांच्या गाडीवरचा आकडा एकदा वाचून पाहावा.

नवीपेठ_७२:
आमच्या मेहुण्यांची स्कूटर बावीस वर्षांची आहे आणि दोन्ही वेळा विनातक्रार पास झाली. जुन्या गाड्यांचे लोखंडच वेगळे होते.

जुळे_सोलापूरकर:
लोखंडाचे श्रेय लोखंडाला जरूर द्यावे, पण पंधराव्या वर्षी तपासणीला येतात त्या मुळातच निवडून उरलेल्या गाड्या असतात. ज्यांचे इंजिन बसले, चासी कुजली, त्या केव्हाच भंगारात गेल्या किंवा कागदपत्रांशिवाय कुठल्या तरी शेतरस्त्यावर फिरत आहेत. म्हणून वयाबरोबर नापास होण्याचे प्रमाण वाढत जाऊन अतिजुन्या, जिव्हाळ्याने जपलेल्या गाड्यांत ते पुन्हा कमी दिसू शकते; त्यावरून गाडी म्हातारपणी सुधारते असे कोणी म्हणणार नाही. मला काळजी आहे ती मधल्या, सात ते पंधरा वर्षांच्या गाड्यांची. त्या याच काळात दुसऱ्या-तिसऱ्या हाती जातात, आणि घेणारा फक्त रंग आणि मायलेज विचारतो.

अशोकचौकवाला:
आकडा वाचला. पुढचा टायर ०९१४, म्हणजे गाडीबरोबर आलेलाच, आणि नक्षी खरोखर नव्यासारखी आहे. टायर उद्या बदलतो. सक्तीच्या तपासणीला मात्र माझा विरोध कायम आहे, कारण हा आकडा वाचायला मला रांगेत उभे राहावे लागले नाही.

गॅरेज_विजापूररोड:
बदलताना मागचाही पाहा, आणि दुकानदार नवा म्हणून देईल त्या टायरवरचा आकडासुद्धा वाचून घ्या.