मुंजीचे १३ जीबी: बारीक करून पाठवावेत की अख्खे चढवावेत?

अपलोडग्रस्त
बाबांच्या हँडीकॅमच्या २२ मिनीडीव्ही टेपा अखेर कॉम्प्युटरवर उतरवल्या. कॅमेरा अजून ठणठणीत आहे. कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायचं फायरवायर कार्ड मात्र तपकीर गल्लीत तिसऱ्या दुकानात मिळालं, पहिल्या दोघांनी "हे काय असतं?" असं मलाच विचारलं. तासाभराची एक टेप म्हणजे साधारण १३ जीबी. बावीस टेपांचे २८६ झाले. त्यातली धाकट्या भावाची मुंज, मे २००३, न्यू जर्सीच्या ताईला हवी आहे आणि ती आजच हवी आहे.

माझ्याकडे अपलोडला मोजून ८ एमबीपीएस मिळतात. प्लॅन घेताना जो मोठा आकडा दाखवतात तो बहुतेक वेळा डाउनलोडचा असतो. त्यात हे आठ बिट्स, बाइट नव्हेत, म्हणजे सेकंदाला जेमतेम १ एमबी. १३ जीबी चढायला साडेतीन तास लागतात आणि मध्ये वीज गेली की पुन्हा श्रीगणेशा. गुरुवारी तीन तास झाले असताना गेली.

तर माझं मत: घरगुती व्हिडिओ आहे तसा चढवणं हा निव्वळ हट्ट आहे. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर घेतलं, एच २६४ ही व्हिडिओ दाबायची पद्धत निवडली, क्वालिटी २० वर ठेवली. १३ जीबीचे १.४ झाले. तेवढं २३ मिनिटांत जातं. यात जादू काही नाही. डीव्ही, म्हणजे टेपवरचा मूळ प्रकार, प्रत्येक फ्रेम सुटी साठवतो. कार्यालयाची मागची भिंत तासभर जागची हलत नाही, तरी तो ती सेकंदाला २५ वेळा नव्याने लिहून काढतो. एच २६४ भिंत एकदा लिहितो आणि पुढे बटू किती हलला तेवढं टिपत जातो. भिंतीपायी साडेतीन तास का घालवायचे?

नळस्टॉप
असहमत. आमच्याकडे फायबर आहे, जायला-यायला १०० एमबीपीएस. तुमचे १३ जीबी १७ मिनिटांत चढतील. तुमच्या लॅपटॉपला ती फाइल बारीक करायला किती वेळ लागला ते लिहिलं नाहीत, ते का बरं?

अपलोडग्रस्त
पाऊण तास. लॅपटॉप जुना आहे.

नळस्टॉप
झालं तर मग! तुमचा पंखा घरघरतोय तोवर माझी अख्खी फाइल चढून चहाही पिऊन झालेला असेल. दुसरं म्हणजे, तुम्ही काहीही चढवा, यूट्यूब ते आपल्या पद्धतीने पुन्हा दाबतंच. म्हणजे वाटलेली डाळ परत मिक्सरमध्ये. दोनदा दाबलेल्या चित्रात शालूची जर दिसेल का? प्रॉब्लेम इंटरनेटचा असताना औषध व्हिडिओला का पाजताय?

आजोबा७२
मंडळी, अडाण्याचा प्रश्न. फाइल झिप करून का पाठवत नाही? ऑफिसात आम्ही तेच करायचो.

खडकवासला फुल्ल
काका, झिप एक्सेल आणि वर्डला उपयोगी. व्हिडिओ मुळातच दाबलेला असतो, त्यात झिपला पिळायला फारसं काही उरत नाही. १३ चे फार तर पावणेतेरा होतील आणि तिकडे पुन्हा उघडण्याचा खटाटोप.

चकलीचा सोऱ्या
तुम्ही सगळे कोडेकवर, म्हणजे दाबायच्या पद्धतीवर, भांडताय. फाइल बारीक करायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे कात्री! तासाच्या मुंजीत खरी मुंज किती असते? मातृभोजन, मंगलाष्टकं, भिक्षावळ. बाकी पाऊण तास पंगत आणि "ए, इकडे बघ, हात कर". पंगत कापा. अख्खा गाव मठ्ठा पिताना न्यू जर्सीत कोण बघणार आहे?

रास्तापेठी
कापाकापी आणि बारीक करणं, दोन्ही जपून करा. स्वतःचं सांगते. २००९ मध्ये आईच्या साठीचा व्हिडिओ मामाला मेलने पाठवायचा म्हणून ३२० बाय २४० ला उतरवला. तेव्हाच्या मॉनिटरवर झकास दिसला. मग मूळ टेप "आता काय करायचीय" म्हणून महाबळेश्वरला पुन्हा वापरली. आई २०१८ ला गेली. आता ४३ इंची टीव्हीवर तो व्हिडिओ लावला की औक्षणाच्या वेळी आईच्या चेहऱ्याचे चौकोन होतात. निरांजन हललं की जास्तच. आणि त्या टेपवर काय आहे? व्हेण्णा लेकवरचं धुकं, बावीस मिनिटं. "मला फरक दिसला नाही" हे वाक्य मीही तेव्हा म्हटलं होतं.

अपलोडग्रस्त
रास्तापेठीताई, वाचून गप्पच झालो. पण हा दोष बारीक करण्याचा नाही, मूळ पुसण्याचा आहे. मी मूळ फाइल पुसा असं कुठे म्हटलंय? ताईकडे जाते ती प्रत, मूळ इथे हार्ड डिस्कवर.

रास्तापेठी
म्हटलं नाहीत, पण होतं तसंच. डिस्क भरते, घर बदलतं, आणि "ती छोटी फाइल आहे ना" म्हणून मोठी उडते. छोटी फाइल हाताशी असली की मोठीची किंमत उतरते. म्हणून माझा विरोध.

मावळतीकर
मूळही एकाच जागी ठेवू नका. आपल्याच पुण्यात, फिल्म अर्काइव्हच्या शहरात, २००३ साली आग लागून नायट्रेटवरच्या (चटकन पेट घेणाऱ्या) जुन्या फिल्म गेल्या. जपणं हेच ज्यांचं काम त्यांच्यावर ही वेळ येते, तर आपल्या कपाटातल्या एका डिस्कचं काय. एक डिस्क भावाकडे ठेवा.

खडकवासला फुल्ल
धागाकर्त्याने मूळ ठेवलंय म्हणून मी त्याच्या बाजूने. पण हँडब्रेकमध्ये नुसतं बटण दाबून भागत नाही, डीव्हीला दोन खोड्या आहेत.

पहिली, डीव्ही इंटरलेस्ड असतो: आधी एकाआड एक अर्ध्या ओळी, मग उरलेल्या अर्ध्या, सेकंदाला ५० वेळा. तसाच दाबला तर हलणाऱ्या वस्तूला कंगव्याचे दात फुटतात. माझ्याकडे लक्ष्मी रोडवरच्या विसर्जनाची टेप आहे, ढोलवाल्यांच्या हातांचे अक्षरशः कंगवे झाले होते. डीइंटरलेस करताना, म्हणजे त्या अर्ध्या ओळींची पूर्ण चित्रं करताना, 'बॉब' निवडा, म्हणजे ५० च्या ५० हालचाली राहतात. हे फाइलमध्ये एकदा चुकीचं पक्कं झालं की नीट दुरुस्त होत नाही. या एका कारणासाठी तरी मूळ हवंच.

दुसरी, आकार. डीव्ही ७२० बाय ५७६ असतो, पण त्याचे ठिपके चौकोनी नसतात. दाखवायचा असतो चारास तीन. कोणी तरी हौसेने "फुल स्क्रीन" करतं आणि सगळ्या आत्या आडव्या वाढतात. आमच्या आत्याने यावरून दोन वर्षं अबोला धरलेला.

चकलीचा सोऱ्या
त्यापुढचं एच २६५ का नाही? अजून निम्मं होतं.

खडकवासला फुल्ल
होतं, साधारण. पण एच २६५ आलं २०१३ मध्ये. ताईचा टीव्ही त्याआधीचा असेल तर नुसता काळा पडदा. एच २६४ चं आणि या मुंजीचं साल एकच आहे, २००३. जोडी शोभते, राहू द्या.

नळस्टॉप
मुद्दा मिक्सरचा होता, तो राहिलाच.

अपलोडग्रस्त
यूट्यूबवर टाकलंच नाही. व्हॉट्सॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवला तर ते चेंदामेंदा करतं, पण डॉक्युमेंट म्हणून २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते. १.४ बसली. मिक्सर एकदाच फिरला.

नळस्टॉप
हे मान्य. तरी १०० एमबीपीएस घ्याच. आणि उद्या नव्या फोनवर मुलांचं स्नेहसंमेलन काढाल तेव्हा काय? आयफोनवर फोरके, ६० फ्रेमला मिनिटाला ४०० एमबी, त्याच्या सेटिंगमध्येच लिहिलेलं असतं. प्रत्येक नाचानंतर पाऊण तास पंखा घरघरवणार?

अपलोडग्रस्त
नाही. तिथे काढतानाच १०८०पी, ३० वर ठेवणार, मिनिटाला ६०. शाळेच्या स्टेजवर मागून तिसऱ्या रांगेत उभ्या असलेल्या झाडाला फोरके नको. (झाड म्हणजे माझा मुलगा.)

रास्तापेठी
बघा हं. वीस वर्षांनी याच धाग्यावर या.

आजोबा७२
मला काढतानाच कमी हे पटलं. रीळ विकत घेऊन फोटो काढायचो तेव्हा ३६ मध्ये अख्खं लग्न बसायचं.

अपलोडग्रस्त
अपडेट. ताईने रात्रीतून बघितला. शालू, जर, कंगवा, कशाबद्दल चकार शब्द नाही. विचारते, पंगतीत कॅमेऱ्याच्या मागे कोण बोलतंय? अण्णा का? मंगलाष्टकांच्या कॅसेटमुळे नीट ऐकू येत नाही म्हणाली. "त्यांचा आवाज माझ्याकडे कुठेच नाहीये."

चकलीचा सोऱ्या
पंगत कापा म्हटलेलं मागे घेतो.

खडकवासला फुल्ल
मूळ फाइलमधून आवाज काढ. हँडब्रेकने तोही दाबलाय. डीव्हीत तो न दाबलेला असतो, तासाला जेमतेम ७०० एमबी. हवी तेवढी मिनिटं काप, कॅसेटचा आवाज थोडा मागे ढकलता येतो का बघ.

अपलोडग्रस्त
चार मिनिटांचा तुकडा काढला, ४६ एमबी. मिनिटाच्या आत गेला. दोन निळ्या खुणा आल्यात. ताई ऑनलाइन दिसतेय, काही बोलत नाहीये.

रास्तापेठी
अण्णाच होते का?

अपलोडग्रस्त
हो. आचाऱ्याला मठ्ठा खारट झालाय म्हणून सांगत होते.