विषय: ऑल-अमेरिका संघात लाइनमन निवडतात तरी कसे?

प्रेषक: डब्लिन (ओहायो) येथील एक सभासद

सर्व सभासदांस स. न. वि. वि.

मागच्या शनिवारी हळदीकुंकवाला जमलो असता कॉलेजांतल्या अमेरिकन फुटबॉलच्या ऑल-अमेरिका संघाचा, म्हणजे देशभरातले त्या वर्षीचे उत्तम खेळाडू निवडून केलेल्या कागदावरच्या संघाचा, विषय निघाला आणि चहा निवेपर्यंत वाद चालला. माझा मुलगा हायस्कूलच्या संघात गार्ड आहे, म्हणजे पुढच्या रांगेतला एक लाइनमन. चेंडू त्याच्या हाती जवळजवळ येतच नाही. समोरच्याला रोखून धरायचे, एवढेच त्याचे काम. चेंडू घेऊन धावणारा किती यार्ड गेला हे दुसऱ्या दिवशी छापून येते, पण त्याला वाट कोणी करून दिली ते कुठेच येत नाही. मग ऑल-अमेरिका संघात लाइनमनची निवड कशाच्या आधारावर होते? आणि एकाच वर्षी पाच-पाच संघ कसे जाहीर होतात? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

प्रेषक: वर्दिंग्टन येथील एक ज्येष्ठ सभासद

ताई,

रणजीच्या निवड समितीवर तोंडसुख घेत आपण लहानाचे मोठे झालो. पण तिथे निवड चुकली तर ती सामन्यात उघडी पडते. ऑल-अमेरिका संघ मैदानात उतरतच नाही. निवड हाच मान, त्यामुळे चूक पदरात घालणारा सामना कधी होत नाही.

असोसिएटेड प्रेस, प्रशिक्षकांची संघटना, फुटबॉल लेखकांची संघटना, स्पोर्टिंग न्यूज आणि वॉल्टर कॅम्प फाउंडेशन या पाचांच्या याद्या एनसीएए, म्हणजे अमेरिकेतील कॉलेज क्रीडास्पर्धांची नियामक संस्था, ग्राह्य धरते. निदान तिघांनी पहिल्या संघात घेतलेला खेळाडू ‘कन्सेन्सस’ (बहुमताचा) आणि पाचांनीही घेतलेला ‘युनॅनिमस’ (एकमताचा) ठरतो.

पाच याद्या असणे हा घोळ नव्हे, एकाच्याच पसंतीवर विसंबण्यावरचा उपाय आहे, असे माझे मत आहे. 1889 साली पहिला संघ जाहीर झाला तेव्हा त्यातले अकराच्या अकरा खेळाडू हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या तीनच कॉलेजांचे होते. पुढे 1924 पर्यंत, ज्यांच्या नावाने वरचे फाउंडेशन आहे त्या वॉल्टर कॅम्प यांचा निवडीतला शब्द सर्वांत वजनदार मानला जाई. कॅम्प स्वतः येलचे, राहायला पूर्वेकडे, आणि त्या काळी दूरचा सामना पाहायचा म्हणजे आगगाडीचा प्रवास. तेव्हा जे डोळ्यांसमोर खेळले त्यांचेच नाव पुढे जाणार, यात नवल ते काय? तरीही याच संघात 1892 साली हार्वर्डचे विल्यम हेन्री लुइस आले आणि ते पहिले कृष्णवर्णीय ऑल-अमेरिकन ठरले. ते सेंटर होते, म्हणजे तुमच्या मुलाच्या शेजारच्याच जागेवरचे.

लाइनमनचे म्हणाल, तर तुमची शंका रास्त आहे. धावणाऱ्याच्या आकड्यांवर मत देता येते. लाइनमनची चित्रफीत एकेक डाव मागे-पुढे करून पाहावी लागते, आणि तेवढी सवड शनिवारी रात्री मजकूर पाठवायची घाई असलेल्या बातमीदाराला कुठून असणार? मग आधीच गाजलेले नाव किंवा जिंकणारा संघ पाहून शिक्का मारला जातो. आपल्याच ओहायो स्टेट विद्यापीठाने यावर नामी युक्ती काढली होती. त्यांचा लाइनमन ऑर्लँडो पेस याने प्रतिस्पर्ध्याला किती वेळा उताणे पाडले याची मोजदाद ठेवून त्या प्रत्येक वेळेला ‘पॅनकेक’ म्हटले गेले, आणि 1996 साली हाइसमन पारितोषिकाच्या (कॉलेज फुटबॉलमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला मतदानाने मिळणाऱ्या) प्रचारासाठी फ्रिजवर लावायची पॅनकेकची चुंबके वाटली गेली. पारितोषिक मिळाले नाही, पण लाइनमन असूनही तो मतदानात चौथा आला. आकडा नसेल तर आकडा तयार करावा लागतो, तो असा.

प्रेषक: कोलंबस येथील एक सभासद

काका,

आपल्याशी बहुतांशी सहमत आहे. मात्र चुंबके वाटल्याशिवाय लाइनमनकडे कोणी पाहत नाही, हे मला पटत नाही. 1973 साली ओहायो स्टेटचाच टॅकल, म्हणजे लाइनमनच, जॉन हिक्स हाइसमनच्या मतदानात दुसरा आला होता, आणि तेव्हा पॅनकेकची मोजदाद कोणी सांगत नव्हते.

ताई, मुलाला एकदा स्टेडियमजवळच्या बकाय ग्रोव्हमध्ये, म्हणजे बकाय (Buckeye) झाडांच्या राईत, अवश्य न्या. ओहायो स्टेटच्या प्रत्येक ऑल-अमेरिकन खेळाडूसाठी तिथे बकायचे एक झाड लावण्याची प्रथा 1934 पासून आहे. सप्टेंबरमध्ये गेलात तर काटेरी टरफलातून सुटलेल्या, पांढुरक्या डोळ्याच्या तपकिरी बिया पायाखाली येतात. आमच्या घरी त्या खिडकीत वाटीभर पडून आहेत. हिक्सचे झाड तो स्वतःच शोधून काढील.