प्रकटीकरण: ‘प्राणी’ आणि ‘श्वापद’ यांचं मूळ ग्रीक एकच का?

प्रश्न: जुन्या इंग्रजी बायबलात प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाचे अध्याय ४ आणि १३, दोन्हीकडे ‘बीस्ट’च आहे. ग्रीकमध्येही तसंच का?

उत्तर १: मुळीच नाही. अध्याय ४ मध्ये देवाच्या सिंहासनाभोवतीचे चार ते ‘झोऑन’, म्हणजे सजीव. अध्याय १३ मध्ये समुद्रातून वर येतं ते ‘थेरिऑन’, रानटी जनावर. मराठीने हा भेद छान राखलाय.

उत्तर २: १३:२ (अध्याय १३, वचन २) सावकाश वाचा. अंग चित्त्याचं (पार्दालिस), पाय अस्वलाचे (आर्कोस), तोंड सिंहाचं (लेओन). जुन्या करारातल्या दानीएल ७ मध्ये चार साम्राज्यांसाठी चार श्वापदं येतात; तिथे क्रम नेमका उलटा आहे, आणि दहा शिंगं तिथल्या चौथ्या श्वापदाची. चारही साम्राज्यं एकाच देहात!

उत्तर ३: मराठीवरून शब्द शोधाल तर ‘कोकरा’पाशी फसाल, कारण ग्रीकमध्ये त्यासाठी दोन शब्द आहेत. योहान १:२९ मध्ये ‘आम्नोस’, प्रकटीकरणात ‘आर्निऑन’: २९ वेळा, त्यात २८ ख्रिस्तासाठी. उरलेला एक १३:११ मध्ये, दुसऱ्या श्वापदाच्या कोकऱ्यासारख्या शिंगांना. ख्रिस्ताचं सोंग शब्दातच आहे.