युरोपात सीमाभागातल्या माणसाला सरकारी कागद कुठल्या भाषेत मिळतो?

मलप्रभाकाठ

नमस्कार. मी कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातली. झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे माझं, अकरा वर्षं झाली. कन्नड लिहिता-वाचता येतं म्हणून हे दुकान चालतंय.

मागच्या सोमवारी एक आजी आल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला शेताचा कन्नड उतारा काढला आणि म्हणाल्या, "बाई, मालक गेल्यावर माझं नाव चढलंय का बघ गं ह्यात." चढलं होतं. मी नावावर बोट ठेवून दाखवलं. त्यांनी माझं बोट बाजूला केलं आणि स्वतःचं तिथं ठेवलं. बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "मराठी चौथी शिकलेली हाय मी. पेपर वाचते. पण हितं आली की अडाणी."

ते वाक्य डोक्यातून जाईना. माझी मुलगी बी.ए.ला आहे, राज्यशास्त्र. तिच्या वहीत युरोपचा तक्ता आहे: ब्रिटन संसदीय, फ्रान्समध्ये अध्यक्ष आणि पंतप्रधान दोघंही, जर्मनी संघराज्य, स्वित्झर्लंडमध्ये सात जणांचं मंडळ. मी तिला विचारलं, ह्या तक्त्यात त्या आजी कुठं बसतात? तिला सांगता आलं नाही, म्हणून इथं विचारते. सीमा आखताना ज्यांचं गाव पल्याड राहिलं, त्यांना युरोपातली कुठली व्यवस्था नीट वागवते? आणि कशामुळं?

कुठलं गाव कुणाचं हा वाद इथं नको. तो 1956 पासून घरोघरी चालूच आहे. मला व्यवस्थेचं सांगा.

निपाणीचा मास्तर

ताई, तीस वर्षं हा विषय शिकवला, पण वर्गात कुणी असं विचारलं नाही. तुमच्या आजींसाठी मी आधी दक्षिण टिरोलचं उदाहरण घेईन.

आल्प्समधला हा जर्मनभाषक डोंगरी मुलूख पहिल्या महायुद्धानंतर, 1919 च्या तहानं, ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. मुसोलिनीच्या काळात जर्मन शाळा बंद झाल्या, गावांची नावं बदलली. लोक तळघरात आणि शेतघरात चोरून मुलांना जर्मन शिकवत. 1946 मध्ये इटली आणि ऑस्ट्रियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी पॅरिसला करार केला, पण अंमलबजावणीत पळवाटा निघाल्या. 1960 मध्ये ऑस्ट्रियानं प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. 1961 मध्ये एका रात्रीत विजेचे कितीतरी खांब स्फोटांनी पाडले गेले. शेवटी 1972 मध्ये नवा स्वायत्तता कायदा आला आणि 1992 मध्ये ऑस्ट्रियानं वाद मिटल्याचं कळवलं.

आज तिथं जर्मन बोलणारे सत्तर टक्क्यांच्या आसपास आहेत. सरकारी कचेरीत किंवा कोर्टात जर्मनमधून बोलायचा हक्क आहे, आणि उत्तर त्याच भाषेत द्यावं लागतं. दोन्ही भाषांची परीक्षा पास झाल्याशिवाय सरकारी नोकरी नाही. म्हणजे भाषा शिकायची जबाबदारी टेबलाच्या पलीकडच्या माणसावर. आपल्याकडं ती आजींवर आहे, हाच सगळा फरक.

तुमच्या मुलीला एक गोष्ट मुद्दाम सांगा. त्या काळात इटलीत सरकारं वर्षा-दीड वर्षात पडत होती. तरी हा कायदा हलला नाही, कारण त्याला राज्यघटनेचा दर्जा आहे. आपल्याकडं 350अ कलमात प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याबद्दल लिहिलंय, 350ब मध्ये भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी आहे. पण तो राष्ट्रपतींना अहवाल देतो, आदेश काढू शकत नाही. अल्पसंख्याक 15 टक्के असतील तिथं महत्त्वाच्या नोटिसा त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हा निकष केंद्र सरकारच्या 1956 च्या निवेदनातला आहे. निवेदन म्हणजे कायदा नव्हे. मी स्वतः त्यासाठी तीन अर्ज दिलेत. तिन्हींची पोच मिळाली, उत्तर एकाचंही नाही.

उचगाव ते कील

मास्तर, बरोबर, पण टिरोलमध्ये नोकऱ्या भाषागटांच्या प्रमाणात वाटतात, त्यासाठी प्रत्येकाला आपण कुठल्या गटातले हे लिहून द्यावं लागतं. माझ्यासारख्यानं काय लिहायचं? आई मराठी, आजी कन्नड.

मी चार वर्षं उत्तर जर्मनीत कीलला आहे. इथं 1920 मध्ये सार्वमत घेऊन डेन्मार्कची सीमा ठरली. उत्तरेचा पट्टा डेन्मार्ककडे गेला, दक्षिणेचा जर्मनीत राहिला, आणि दोन्हीकडं थोडे थोडे लोक पल्याड राहिलेच. 1955 मध्ये बॉन (तेव्हाची पश्चिम जर्मनीची राजधानी) आणि कोपनहेगनमधून एकाच वेळी दोन जाहीरनामे निघाले: तुमचे आमच्याकडचे आम्ही सांभाळतो, आमचे तुमच्याकडचे तुम्ही सांभाळा. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे कोण डॅनिश हे ज्याचं त्यानं ठरवायचं. सरकारनं ते तपासायचं नाही, शंका घ्यायची नाही.

मतांचं पण बघा. जर्मनीत पाच टक्के मतं नसतील तर पक्षाला यादीतून जागा नाही. डॅनिश अल्पसंख्याकांच्या पक्षाला ही अट नाही. म्हणून 2012 मध्ये तो पक्ष राज्याच्या सरकारात बसला, आणि 2021 मध्ये त्यांचा एक खासदार बर्लिनला गेला. आपल्याकडं ज्याला जास्त मतं तो निवडून येतो. मराठी मतं दोन उमेदवारांत फुटली की पाच वर्षं विधानसभेत आपला माणूसच नाही. हे आपण किती वेळा बघितलंय, सांगा.

गल्लीतला कन्नडिग

माझी भाषा कन्नड. मराठी गल्लीत गोट्या खेळता खेळता शिकलो, चुकलं तर सांभाळून घ्या.

बेल्जियमचं पण बघा. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी भाषेची सीमा कायद्यानं कायमची आखली, आणि जनगणनेत भाषा विचारणंच बंद केलं. फुरों नावाचा छोट्या खेड्यांचा पट्टा लिएज प्रांतातून काढून डच बाजूला जोडला. तिथला फ्रेंचभाषक महापौर डचची परीक्षा देईना. त्या वादात 1987 मध्ये देशाचं सरकार पडलं! पुढं 2010-11 मध्ये सरकार बनवायला 541 दिवस लागले, त्यामागंही भाषेचंच भांडण होतं. माझं मत असं की रेषा कितीही नीट आखा, पल्याड कोणीतरी राहतंच.

आणि तिकडं महाराष्ट्रात जत, अक्कलकोटला आमची कन्नड माणसं आहेत. माझी आत्या अक्कलकोटला असते. तिच्या हातात मराठी कागद आला की ती पण त्या आजींसारखीच दुसऱ्याच्या तोंडाकडं बघते. त्यामुळं मला ते डेन्मार्कचं पटलं, दोघांनी एकाच वेळी बोलायचं.

मलप्रभाकाठ

दादा, तुमची मराठी आमच्या घरात चालते तशीच आहे. आत्यांचं वाचून गलबलून आलं.

मास्तर, एक राहिलं. मुलगी विचारते, लोकांना विचारून गावं इकडची तिकडं झाली, असं कुठं घडलंय का?

निपाणीचा मास्तर

घडलंय, स्वित्झर्लंडमध्ये. तिथं राज्याला कँटन म्हणतात. बर्न कँटन जर्मनभाषक, पण त्यातला जुरा भाग फ्रेंच. 1974 मध्ये वेगळं कँटन हवं का यावर जुरात मतदान झालं. 1975 मध्ये दक्षिणेकडच्या तालुक्यांना पुन्हा विचारलं, ते बर्नमध्येच राहिले. मग सीमेवरच्या एकेका गावाला वेगळं विचारलं. 1978 मध्ये सगळ्या देशानं मत दिलं, 82 टक्के बाजूनं, आणि 1 जानेवारी 1979 ला जुरा कँटन झालं. मुतिए हे गाव मात्र अडलं होतं. 2017 चं मतदान गैरप्रकारांमुळं रद्द झालं, 2021 मध्ये पुन्हा घेतलं आणि 1 जानेवारी 2026 ला ते जुरात गेलं. 1974 च्या मतदानापासून बावन्न वर्षं!

आपल्या घटनेच्या कलम 3 नुसार सीमा बदलायचा अधिकार संसदेला आहे. विधानसभेचं मत मागवतात, गावाला कोणी विचारत नाही. महाराष्ट्राचा दावा 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या वर्षी माझी पाचवीची पोरं होती ती आता पोराबाळांचे बाप झालीत.

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे आभार. मुलीनं वहीतल्या तक्त्याला एक रकाना वाढवलाय: "कोणी कोणाची भाषा शिकायची".

मी काल उताऱ्यातल्या सगळ्या रकान्यांची नावं मराठीत लिहून काढली. सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार, मालकाचं नाव, वारसा, बोजा. वर कन्नड, खाली मराठी, मोठ्या अक्षरात, आणि दुकानाच्या काचेला आतून चिकटवलंय. कन्नडिग दादा, आत्यांच्या गावचा सातबारा पाठवाल का? उलटा तक्ता पण करून देते.

गल्लीतला कन्नडिग

रविवारी अक्कलकोटला जातोय. फोटो काढून पाठवतो, ताई.