मदत हवी आहे: टोकियोतला जपानी-पाश्चात्त्य बर्गर, पण गोमांसाशिवाय

नमस्कार मंडळी, आईला घेऊन टोकियोला जातोय. तिथला जपानी चवीचा बर्गर खायची माझी फार इच्छा आहे. मॉस बर्गर या जपानी साखळीने १९७३ मध्ये तेरियाकी बर्गर आणला, तर १९८७ मध्ये पावाऐवजी दाबून भाजलेल्या भाताच्या चकत्यांचा राइस बर्गर. सोया सॉस, मिरिन (तांदळाची गोड वाइन) आणि साखरेचा तेरियाकीचा तो गोडसर-खारट लेप मेयोनीजसोबत कसा लागत असेल, हे मला तिथेच चाखायचंय.

अडचण अशी, की मी गोमांस खात नाही आणि आई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. जपानी हॅम्बर्गमध्ये (खिम्याच्या पॅटीत) गोमांस आणि डुकराचं मांस बऱ्याचदा एकत्र असतं, मेयोनीजमध्ये अंडं येतंच. भाज्यांची भजी भरलेला प्रकार दिसला की हायसं वाटतं, पण त्यात कोळंबी निघते! अॅलर्जीच्या तक्त्यात अंडं, दूध, कोळंबी सांगितलेली असते. सॉसमधल्या दाशीतला (जपानी रश्श्यातला) कात्सुओ मासा मात्र त्या यादीत नाही. माझी खरी काळजी तीच.

तिथे राहणाऱ्यांनी कृपया सांगा: काउंटरवर जपानीत नेमकं काय विचारायचं? सॉस वगळून देतात का? चिकन किंवा सोयाच्या पॅटीचा बर्गर कुठे मिळेल? आईला निव्वळ बटाट्यावर बसवायचं नाहीये.