सीन उतरवून घेणारे मागासलेले कसे?

नदीकाठ (धागाकर्ती):
परवा एक पोस्ट वाचली. उपग्रह प्रतिमा (एकेक प्रतिमा म्हणजे एक सीन) अजून स्वतःच्या डिस्कवर उतरवून घेणारे लोक मागच्या दशकात अडकलेत, ब्राउझर उघडा, क्लाउडवर दहा ओळी लिहा, झालं काम, खरं सहकार्य ते हेच, असा एकूण सूर. डोकंच फिरलं. क्लाउडवर मीही रोज काम करते. पण विश्लेषण दुसऱ्याच्या सर्व्हरवर, त्याने ठरवलेल्या पद्धतीने आणि त्याची मर्जी असेपर्यंतच चालणार असेल, तर त्याला सहकार्य कसं म्हणायचं? मायक्रोसॉफ्टच्या प्लॅनेटरी कंप्युटरचं हब २०२४ मध्ये बंद झालं. डेटा राहिला, पण लोक कोडची नोटबुकं चालवायचे ती जागा गेली. गूगलच्या अर्थ इंजिनसाठी लिहिलेला कोड बाहेर जसाच्या तसा चालत नाही. शोधनिबंधात 'कोड सर्वांसाठी खुला' लिहायचं आणि तो चालवायला एकाच कंपनीचं खातं काढायचं, हे मला पटत नाही.

खुलंआकाश:
अजिबात सहमत नाही. अमेरिकेच्या लँडसॅट ७ उपग्रहाचा एकेक सीन ६०० डॉलरला मिळायचा ते दिवस विसरलात? २००८ मध्ये संग्रह मोफत झाला, तरी तो साठवायची ऐपत किती जणांची होती? हॅन्सन आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा जागतिक जंगल-नकाशा साडेसहा लाखांवर सीनांमधून निघाला, तोही अर्थ इंजिनवर. कुठल्या प्रयोगशाळेच्या डिस्कवर झालं असतं हे? आज पाठीशी मोठी संस्था नसलेला विद्यार्थी तोच संग्रह उघडून बसतो. त्याच्यासाठी हे सहकार्यच आहे.

बँडआठ:
मालकीवरून भांडताय, खरं दुखणं वेगळंच आहे. आत काय बदललं ते कळतच नाही. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचा ऑफसेट आठवा. २५ जानेवारी २०२२ पासून नवी बेसलाइन (प्रोसेसिंगची नवी आवृत्ती) आली आणि प्रत्येक पिक्सेलच्या आकड्यात १००० ची भर पडली. आमच्या गटातली एक मुलगी ज्या प्लॅटफॉर्मवर काम करत होती, तिथे जुने-नवे सीन एकाच कलेक्शनमध्ये होते. तिच्या आलेखात फेब्रुवारीपासून सगळं रान सुकलेलं! लाल बँड ४००, निअर इन्फ्रारेड ३६००, म्हणजे एनडीव्हीआय, हिरवाईचा निर्देशांक, ०.८०. दोन्हींत १००० मिळवा: १४०० आणि ४६००. एनडीव्हीआय ०.५३. झाडाचं पानही गळलेलं नाही. प्रबंधातलं दुष्काळावरचं अख्खं प्रकरण तिला फाडून टाकावं लागलं.

खुलंआकाश:
यात प्लॅटफॉर्मचा काय दोष? बदल आधी जाहीर झाला होता, मेटाडेटात, म्हणजे सीनसोबतच्या माहितीत, नोंदलेला आहे. उतरवलेल्या फाइलीतही तोच ऑफसेट असतो. अर्थ इंजिनवर तर तो वजा केलेलं हार्मोनाइज्ड कलेक्शन तयार आहे. मेटाडेटा न वाचता प्रकरण लिहायला घेतलं कुणी?

बँडआठ:
त्या मुलीवर घसरायचं कारण नाही. फाइल उतरवली की बेसलाइनचा क्रमांक नावातच दिसतो. प्लॅटफॉर्मवर शेकडो सीनांचा मीडियन (मधली किंमत) एका ओळीत निघतो. नाव वाचायची वेळ कुणावर येते?

रडारवाला:
मीडियनचं काय घेऊन बसलात, ढगाळ पिक्सेल वगळणारा मास्क बघा. सेंटिनेल-२ चा ढग दाखवणारा क्यूए६० बँड अर्थ इंजिनवर जानेवारी २०२२ पासून दोनेक वर्षं रिकामा होता. इंटरनेटवरून उचललेल्या जुन्या स्क्रिप्ट तरी निमूट चालत राहिल्या आणि ढग नकाशात तसेच. म्हणून सांगतो, रडारचे सेंटिनेल-१ उपग्रह वापरा. रडारला ढग आडवे येत नाहीत.

बँडआठ:
आणि डिसेंबर २०२१ मध्ये त्यातला १बी निकामी झाला तेव्हा? १सी डिसेंबर २०२४ मध्ये सुटला. मधली तीन वर्षं एकाच उपग्रहावर. पुरासाठी वरचेवर प्रतिमा हवी असणाऱ्याने काय करायचं?

रडारवाला:
अहो, पण ऑप्टिकलवाल्यांना, म्हणजे प्रकाशात टिपलेल्या प्रतिमा वापरणाऱ्यांना, पुराच्या दिवसांत बहुतेक वेळा काहीच मिळत नाही! अर्धं मिळालं तरी ते काहीच न मिळण्यापेक्षा चांगलं.

नदीकाठ:
धागा कशावर होता ते कुणाला आठवतंय का? ढगांसाठी वेगळा धागा काढा.

खुलंआकाश:
मूळ मुद्द्यावर येतो. एका कंपनीला बांधलं जायचं नसेल तर वाट आहे. एस्टॅक कॅटलॉग (सीन शोधायची खुली, सामाईक सूची) आणि क्लाउड-ऑप्टिमाइज्ड जिओटिफ (प्रतिमांच्या फाइलींचा एक प्रकार). फाइलीतला हवा तेवढाच तुकडा वाचता येतो, अख्खा सीन उतरवावा लागत नाही. ओपनईओ या खुल्या, सामाईक इंटरफेसमध्ये तीच प्रक्रिया दुसऱ्या सर्व्हरकडे नेता येते. हेही क्लाउडच आहे.

नदीकाठ:
जिओटिफचं मान्य. नाइलाजाने, पण मान्य. ओपनईओचं नाही. दोन सर्व्हरांवर कलेक्शनांची नावं वेगळी, काही प्रक्रिया एकीकडे आहेत तर दुसरीकडे नाहीत. मी करून पाहिलंय, अर्धा दिवस जुळवाजुळवीत जातो. आणि माझा प्रश्न तसाच आहे. तुमच्या पुढच्या निबंधात वापरलेल्या प्रत्येक सीनचा आयडी द्याल का?

खुलंआकाश:
यादी देईन. पण सीन उतरवून ठेवणार नाही.

बँडआठ:
यादीत बेसलाइनचा क्रमांकही द्या. सेंटिनेल-२ चा जुना संग्रह कलेक्शन-१ म्हणून पुन्हा प्रोसेस करायला घेतला गेला. नुसती तारीख आणि टाइल (नकाशाचा चौकोन) दिलीत तर त्याच दिवसाच्या दोन वेगळ्या फाइली समोर येतील, आणि तुमचे आकडे कुठल्या फाइलीतून आले ते कुणालाच सांगता येणार नाही.