शब्दचर्चा: 'देवाची उपस्थिती', भरवसा, साकडे, गाऱ्हाणे

खारघरहून विचारणा

खारघरच्या कर्करोग केंद्रात उपचारांसाठी आलेल्यांचे नातेवाईक आसपासच्या खोल्यांत महिनोन्‌महिने राहतात. त्यांच्या सायंकाळच्या प्रार्थनेसाठी एक पान मराठीत करायचे आहे. इंग्रजी मसुद्यावरून हाती आलेले भाषांतर असे: 'दुःखाच्या काळात देवाच्या उपस्थितीवर विश्वास ठेवा आणि आपल्या प्रश्नांची उत्तरे शोधा.' व्याकरणाची चूक नाही, तरी वाचताना परिपत्रक वाटते. वाचणारे कोकण, विदर्भ, मराठवाडा सगळीकडचे, हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. 'उपस्थिती'ला काय म्हणावे? विश्वास, श्रद्धा आणि भरवसा यांतले काय घ्यावे? आणि 'उत्तरे शोधा' हे दुखऱ्या माणसाला सांगावे का?

नौपाडा, ठाणे

'उपस्थिती' हा हजेरीपटाचा शब्द. सभेला, वर्गात, न्यायालयात उपस्थिती असते, आणि उपस्थित राहिलेला माणूस उठून जाऊही शकतो. देवाबद्दल मराठीत हा शब्द कधी रुळलाच नाही.

'अस्तित्व' घेतले तर वादच बदलतो. देव आहे की नाही, हा उशाशी बसलेल्याचा प्रश्न सहसा नसतो. त्याचा प्रश्न 'आहेस तर आत्ता कुठे आहेस' असा असतो. 'सान्निध्य' जवळचा शब्द आहे (न दोनदा, 'सानिध्य' हे चुकीचे रूप सगळीकडे छापलेले दिसते), पण त्यात माणूस देवाजवळ जातो: देवाच्या सान्निध्यात चार दिवस राहिलो. रुग्णालयात गरज उलट्या दिशेची आहे. 'सहवास' तर टाळाच. 'सहवास लाभला' हे वाक्य श्रद्धांजलीत येऊन येऊन त्याला गेलेल्या माणसाचा वास लागला आहे.

तुकोबांचा शब्द 'सांगाती': जेथे जातो तेथे तू माझा सांगाती, चालविसी हाती धरूनिया. संगत हेच मूळ. अर्थ पुरता बसतो, पण आज बोलण्यात कोणी 'सांगाती' म्हणत नाही. बोलण्यातला शब्द 'सोबत' आणि माझी शिफारस त्यालाच. मराठीत 'सोबतीला असणे' म्हणजे नुसते बरोबर असणे नव्हे. कोणी एकटे पडू नये म्हणून रात्री मुक्कामाला येणे, जागे राहणे, हे त्यात येते. वॉर्डातही पहिला प्रश्न 'पेशंटसोबत कोण आहे?' हाच असतो. 'देव सोबतीला आहे' हे त्या खोल्यांमध्ये राहणाऱ्या कुणालाही समजावून सांगावे लागणार नाही.

'बरोबर' वापरलेत तर शब्दाला जोडून लिहा. 'देव आमच्याबरोबर आहे' ठीक. तोडून 'देव बरोबर आहे' झाले की देवाचे म्हणणे योग्य आहे असा अर्थ निघतो, आणि दुःखात असलेल्याला तो फार लागेल.

वाशी

ख्रिस्ती वाचकांच्या बाजूने दोन शब्द. मराठी बायबलमध्ये 'इम्मानुएल' या येशूच्या नावाचा अर्थ 'आम्हांबरोबर देव' असा दिलेला आहे, त्यामुळे 'बरोबर' त्यांच्या कानाला ओळखीचा आहे. 'सोबत'ही खटकणार नाही.

विश्वास आणि भरवसा यांचे म्हणाल, तर बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रात (11:1) विश्वास म्हणजे काय हे सांगताना भरवसा आणि खातरी असे दोन शब्द आले आहेत. चर्चमध्ये 'विश्वास' हा धर्मश्रद्धेचा पारिभाषिक शब्द झाला आहे. 'विश्वासात येणे' म्हणजे ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारणे. सर्वधर्मीय पानावर तो शब्द घातलात तर काहींना वेगळेच काही सांगितल्यासारखे वाटेल. 'श्रद्धा'ची अडचण वेगळी. श्रद्धा असते किंवा नसते. ती ठेवायला सांगितली की नसलेल्याला अपराधी वाटते. 'भरवसा' मात्र माणूस माणसावरही ठेवतो, त्याला कर्मकांड लागत नाही, आणि थोडासा असला तरी चालतो.

रूपे सांभाळा: भरवसा, पण भरवशाचा, भरवशावर. पैसा-पैशाचा, ससा-सशाचा यांच्यासारखाच स चा श होतो. 'भरवस्यावर' असे टंकलेले पुष्कळदा दिसते, ते चूक.

'उत्तरे शोधा' काढूनच टाका. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रे देवाकडे केलेली तक्रारच आहेत. बाविसावे सुरू होते ते 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' या प्रश्नाने. तेराव्याच्या मूळ हिब्रूत आरंभालाच 'किती काळ' हा प्रश्न चार वेळा येतो. अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते, शेवटी सांत्वनाची ओळ नाही. तिथे कोणी उत्तरे शोधत बसत नाही, थेट विचारतात. तुमच्या पानावर क्रियापद 'विचारणे' हवे आणि विचारायचे ते देवाला.

कळवा

विचारण्याला आमच्या मालवणी घरांत तयार शब्द आहे: गाऱ्हाणे. पण त्याचे क्रियापद बदलले की अर्थ बदलतो, म्हणून नीट सांगते.

'गाऱ्हाणे सांगणे' किंवा 'मांडणे' म्हणजे तक्रार करणे, कुणापाशीही. 'गाऱ्हाणे घालणे' हा विधी आहे. देवळात गुरव किंवा गावकर उभा राहून घालतो. आधी देवांना नावानिशी आणि स्थळानिशी हाक, मग कोण लेकरू कशासाठी आले आहे ते, मग 'काय चुकला-माकला आसात तर पोटात घाल', आणि शेवटी मागणे. प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे 'व्हय महाराजा' म्हणतात. सगळ्यांत मोलाचे तेच. दुखणे एकाचे, पण त्याला हुंकार सगळ्यांचा. तुमचे पान एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे असेल, तर ओळीच्या शेवटी सगळ्यांनी म्हणायचा एखादा शब्द ठेवता येईल. 'व्हय महाराजा' मात्र उचलू नका. ते देवळातले आहे, विदर्भातल्या माणसाला उपरे वाटेल.

'कौल' या शब्दापासून दूर राहा, हे कळकळीने सांगते. कौल लावताना देवाला पाकळ्या, कळ्या किंवा तांदूळ लावतात. उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. म्हणजे प्रश्न हो-नाही असाच विचारावा लागतो. 'का' या प्रश्नाला कौल नसतो. प्रार्थनेच्या पानावर 'देवाचा कौल मागा' असे छापलेत, तर कोणीतरी शस्त्रक्रियेचा कौल लावायला गावी जाईल आणि केमोची तारीख चुकेल.

नवसाचेही तसेच. नवस बोलायचा असतो आणि फेडायचा असतो, त्यात अट असते. आजार बळावला की घरात पहिले वाक्य येते, 'जुना नवस फेडायचा राहिला म्हणून झालं.' पानाने त्या वाक्याला वाट करून देऊ नये.

नौपाडा, ठाणे

कळव्याच्या ताईंनी क्रियापदाचा मुद्दा काढला तो फार महत्त्वाचा. तोच 'साकडे'ला लागू आहे. साकडे म्हणजे मुळात संकट, अडचण. 'संकट'वरूनच प्राकृतातून आलेला शब्द. मग 'देवाला साकडे घालणे' म्हणजे काय? आपली अडचण देवाच्या गळ्यात घालून त्यालाच अडचणीत आणणे. आता सोडव, नाहीतर तुझीच पंचाईत. वर्तमानपत्रांनी मंत्र्यांना साकडे घालून घालून त्यातला हट्ट घालवला आणि 'विनंती' एवढाच अर्थ उरवला. प्रार्थनेत तो हट्ट अजून जिवंत आहे.

'धावा' त्याहून तातडीचा. द्रौपदीचा धावा, गजेंद्राचा धावा. नाम पुल्लिंगी आणि एकवचनी: धावा केला, धावा ऐकला. 'धावा केल्या' म्हटले की क्रिकेट सुरू होते.

आणि 'आर्त'. गीतेच्या सातव्या अध्यायातल्या सोळाव्या श्लोकात भजणारे चार प्रकारचे सांगितले आहेत: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी, ज्ञानी. दुःखाने पोळलेला आणि उत्तर हवे असलेला हे दोघे तिथे शेजारी बसले आहेत, आणि भक्तांच्या यादीतच बसले आहेत. प्रश्न विचारल्याने कोणी त्या यादीतून बाहेर पडत नाही. मला तरी या चर्चेतली हीच सर्वांत धीराची गोष्ट वाटते. जुन्या मराठीत 'आर्त' नाम म्हणूनही येते आणि तिथे त्याचा अर्थ उत्कट इच्छा असा होतो. 'आर्द्र' म्हणजे ओलसर, तो शब्द वेगळा. 'आर्द्र हाक' लिहू नये. 'आरती'चे मूळही 'आर्त' नव्हे, 'आरात्रिक' आहे, कीर्तनात काहीही सांगोत.

'अंत पाहणे' हा वाक्प्रचारही विचारात घ्या. कान्होपात्रेने 'नको देवराया अंत आता पाहू' म्हटले, तिथे 'अंत' म्हणजे मृत्यू नव्हे, सोसण्याची शेवटची सीमा. पण कर्करोगाच्या वॉर्डात 'अंत' हा शब्द मोठ्याने वाचला की लोक दुसराच अर्थ ऐकतील. अभंग म्हणून गायला हरकत नाही, छापील ओळीत नको.

पाचपाखाडी, ठाणे

टाळायच्या शब्दांमध्ये माझी भर.

'देवाज्ञा' चुकूनही नको. मराठीत 'देवाज्ञा झाली' म्हणजे माणूस गेला. 'देवाच्या इच्छेनुसार' याला भारदस्त पर्याय म्हणून भाषांतरकार तो वापरतात आणि वाचणारा दचकतो. 'देवाघरी', 'देवाला प्रिय' ही याच वळणाची.

'रामभरोसे' आणि 'देवाच्या भरवशावर सोडले' यांचा अर्थ कोणीच लक्ष देत नाही असा झाला आहे. तेव्हा 'देवावर भरवसा ठेवतो' चालेल, 'देवाच्या भरवशावर सोडतो' चालणार नाही. शब्द तोच, पण ठेवणे आणि सोडणे यांत सगळा फरक. 'भार टाकणे' मात्र चांगले, कारण भार टाकणारा चालत राहतो.

भोग, प्रारब्ध, संचित. तत्त्वविचारात यांना नेमके स्थान आहे: साठलेले कर्म ते संचित, त्यातले फळ द्यायला लागलेले ते प्रारब्ध, आत्ता घडते आहे ते क्रियमाण. माणूस स्वतःच्या मनाला समजावताना ते वापरतो तेव्हा त्याला आधार मिळतो. दुसऱ्याने त्याला ऐकवले की तो आरोप होतो. 'ठेविले अनंते तैसेचि राहावे' या ओळीचेही तेच झाले आहे. ती ज्या तुकोबांची, त्यांनी 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात घरची माणसे गमावली, आणि तेच देवाशी भांडलेही. समाधानाची ओळ भांडणाच्या अभंगांपासून तोडून एकटीच भिंतीवर लावली की ती गप्प बसायला सांगते.

'धीर' ठेवा, 'धैर्य' नको. धैर्य पराक्रमाकडे झुकते. धीर धरता येतो, देता येतो, सुटतो, खचतो, म्हणजे तो माणसांमध्ये फिरतो. त्यातही 'धीर धरा' हा हुकूम झाला, 'धीर दे' हे मागणे. शिर्डीमुळे घरोघरी गेलेली 'सबुरी' वाट पाहण्याचा शब्द आहे. तपासणीचा अहवाल यायचा असेल तेव्हा तो नेमका लागतो.

खारघर

सर्वांचे आभार. पहिला खर्डा:

देवा, तू सोबतीला आहेस, हा आपला भरवसा.
जे सोसतो आहोत, त्याचं गाऱ्हाणं तुझ्यापाशी मांडतो.
हे का, ते कळत नाही. विचारल्यावाचून राहवत नाही.
उत्तर येईतो आमचा हात सोडू नकोस.
डॉक्टरांच्या हाताला यश दे, उशाशी बसलेल्यांना धीर दे.

वाशी

छान उतरले आहे. फक्त 'उत्तर येईतो' बदला. त्यातून उत्तर आले की हात सुटला तरी चालेल असे निघते. शिवाय 'येईतो' हे रूप सगळीकडे बोलण्यात नाही. 'उत्तर येवो न येवो, आमचा हात सोडू नकोस' असे करा. उत्तर न मिळण्याची शक्यताही त्यात मान्य होते, आणि तिथल्या पुष्कळांना ते आधीच माहीत असते.

कळवा

'मांडतो' योग्य. 'घालतो' केले असते तर विधी झाला असता. सगळ्यांनी म्हणायला तिसऱ्या ओळीनंतर नुसते 'देवा, ऐक' ठेवा. दोन शब्द, कोणत्याही जिल्ह्यातले, कोणत्याही धर्माचे. टंकताना 'गाऱ्हाणं'मधला र तपासा. रफार पडून 'गार्हाणं' होऊ देऊ नका, 'तऱ्हा' आणि 'कुऱ्हाड' यांतला ऱ्ह तोच हा.

नौपाडा, ठाणे

पहिल्या ओळीत 'आपला भरवसा' लिहिले आहे, ते 'आमचा' करा. 'आपण'मध्ये ज्याच्याशी बोलतो तोही येतो, म्हणजे देवही भरवसा ठेवणाऱ्यांत धरला गेला. भाषांतरित प्रार्थनांमध्ये ही चूक फार दिसते. देवाशी बोलताना आम्ही, लोकांशी बोलताना आपण. अनेकवचनात 'सोसतो आहोत' ठेवलेत ते उत्तम, बाई वाचोत की पुरुष, क्रियापद बदलावे लागत नाही.